बोअरच्या पाण्यावर तवंग दिसला : जमिनीखालचे तेल येते कुठून आणि अडते कुठे?

पूर्णाकाठ :

नमस्कार मंडळी. आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यावर आहे. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या वावरात २८० फुटांचा बोअर झाला. पाणी अपेक्षेप्रमाणे खारट लागले आणि त्याचे कोणालाही नवल वाटले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात भरून ठेवलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारख्या रंगांचा तवंग आढळला, आणि केसिंग पाइपाला कान लावला असता आतून बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत बातमी पारावर पोहोचली आणि रात्री उशिरा ‘मुंबईच्या समुद्रात जे आहे तेच आपल्या वावराखाली आहे’ असा निकालही लागला. शेजाऱ्यांनी तर जमिनीचा ठरलेला सौदा थांबवला आहे.

माझा यावर विश्वास बसलेला नाही, पण ते खोडून काढण्याइतके ज्ञानही माझ्याजवळ नाही. समुद्रातील सूक्ष्म जीव मेले, गाळात गाडले गेले आणि त्यांचे तेल झाले, एवढेच शाळेत शिकलो. ते तेल जिथे तयार झाले तिथेच राहते का? त्याचे जमिनीखाली तळे असते का? आणि आपल्या काळ्या पाषाणाखाली ते असण्याची शक्यता किती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, म्हणजे पारावर वाचून दाखवता येईल.

मोर्शीचा बागायतदार :

तवंगापुरते मी सांगतो. काडीने तो तवंग मोडून पाहा. वाळक्या पापडासारखे त्याचे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच सुटे तरंगत राहिले, तर ते पाण्यातील लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचे काम आहे. काडी काढताच रंग पुन्हा एकमेकांत मिसळून तवंग सलग झाला, तर ते तेल समजावे. मात्र ते जमिनीतलेच आहे असे तेवढ्यावरून ठरत नाही, कारण बोअरच्या गाडीचा कॉम्प्रेसर हवेबरोबर थोडे वंगणही खाली ढकलतो. आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात बोअरांची संख्या आता कोणी मोजत नाही, त्यामुळे हा तवंग आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. एकदा मीसुद्धा तो बाटलीत भरून वर्षभर कपाटात जपून ठेवला होता, हे येथे कबूल करतो.

एक विनंती. बुडबुडे कशाचे आहेत हे पाहण्यासाठी पाइपाच्या तोंडाशी कोणीही काडी पेटवू नये. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते.

अंजनगावकर :

मी तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर मड लॉगिंगचे काम करून निवृत्त झालो. खोदताना मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलपाण्याबरोबर, वर येणारा खडकाचा चुरा धुवायचा, अतिनील दिव्याखाली धरून त्यात तेलाची चमक दिसते का ते पाहायचे आणि मडमधून सुटणारा वायू मोजायचा, असे ते काम. त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे तळे नसते. तेल लागलेल्या वालुकाश्माचा तुकडा हातात घेतला तर तो ओल्या विटेसारखा दिसतो आणि त्याला घासलेटासारखा वास येतो. तेल असते ते वाळूच्या कणांमधल्या फटींत. ज्वारीने काठोकाठ भरलेल्या कणगीतही दाण्यादाण्यांमध्ये हवा असते, तशी चांगल्या वालुकाश्मात त्याच्या आकारमानाच्या १० ते २५ टक्के जागा रिकामी असते. ‘रिकामी’ हा शब्दही तितकासा बरोबर नाही, कारण जमिनीखाली ती जागा पाण्याने, बहुधा खाऱ्या पाण्याने, भरलेली असते. तेलाच्या पुढच्या सगळ्या प्रवासाची कथा या पाण्यापासून सुरू होते.

दुसरी गोष्ट उगमाची. शांत पाण्याच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचे अवशेष न कुजता चिखलात गाडले जातात. त्यावर गाळाचे थर चढत जातात, चिखलाचा शेल खडक होतो आणि अवशेषांचे केरोजेन नावाचे घन द्रव्य बनते. ते तेल नव्हे. त्याला आच लागावी लागते. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान केरोजेनचे तेल होते, आणि त्याहून जास्त तापले तर मुख्यतः वायू होतो. जमिनीत दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश तापमान वाढते. आपल्याकडे वरचे सरासरी तापमान २७ अंश धरले, तर ६० अंशांसाठी एक किलोमीटरहून अधिक आणि १२० अंशांसाठी तीन किलोमीटरहून अधिक खाली जावे लागेल. २८० फूट म्हणजे जेमतेम ८५ मीटर. तिथले तापमान वरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असेल. एवढ्या उबेवर दही लागेल, तेल होणार नाही.

आता प्रवास. अनेकांना वाटते की तेलघाणीत सरकी पिळावी तसा वरच्या थरांचा भार शेल पिळून तेल बाहेर काढतो. यात थोडे तथ्य आहे, पण मुख्य जोर आतून येतो. घन केरोजेनचे द्रव तेल आणि वायू झाले की त्याला अधिक जागा लागते, आणि शेलमधील फटी इतक्या सूक्ष्म असतात की बाहेर पडायला वाट नसते. दाब वाढत जातो, खडकाला केसाहून बारीक तडे जातात, त्यातून तेल निसटते, दाब उतरतो, तडे मिटतात आणि पुन्हा दाब चढू लागतो. खदखदणाऱ्या पातेल्यावरचे झाकण जसे मधूनमधून उचलले जाते, तसेच काहीसे हे आहे, मात्र त्याला लाखो वर्षे लागतात. या पहिल्या टप्प्याला प्राथमिक स्थलांतर म्हणतात. ते लांबीने फारसे नसते. शेलला लागून असलेल्या सच्छिद्र थरापर्यंत पोहोचले की तो टप्पा संपतो.

दुसऱ्या टप्प्यात खरे अंतर कापले जाते. वालुकाश्मात आधीपासून भरलेल्या पाण्यापेक्षा तेल हलके आणि वायू तर फारच हलका, म्हणून दोन्ही वर चढू लागतात. थेट उभे चढता आले तर उत्तमच, परंतु बहुतेक वेळा डोक्यावर दुसरा शेल आडवा येतो. मग ते त्या शेलच्या पोटाला चिकटून, जिकडे थर वर उचललेला असेल तिकडे, तिरपे सरकत राहतात. कवेलूच्या घरात चूल पेटवल्यावर धूर कसा जातो ते आठवा. तो आधी छपराला भिडतो, मग उताराच्या उलट दिशेने आढ्याकडे सरकतो आणि तिथे एखादे कवेलू सरकलेले असेल तर बाहेर पडतो. जमिनीखाली तेल असेच दहा-वीस किलोमीटर, कधी शंभराहूनही अधिक किलोमीटर जाते. कॅनडातील अथाबास्काचे तेल अशीच लांबची वाट चालून भूपृष्ठाजवळ आले, तिथे जिवाणूंनी त्यातील हलका भाग खाऊन टाकला आणि मागे डांबरासारखी वाळू उरली.

शाळा क्र. ४ :

सर, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. एक शंका आहे. तेल हलके असल्याने वर चढते हे मान्य. मग शेलपाशीच ते का थांबावे? शेलमध्येही फटी आहेत असे आपणच लिहिले आहे. हलकेपणाचा जोर तर तिथेही लागू असणार.

अंजनगावकर :

प्रश्न अगदी नेमका आहे. येथे दोन बले समोरासमोर उभी असतात.

खडकाचे कण बहुधा पाण्याने ओले राहणे पसंत करतात. तेलाच्या थेंबाला एका फटीतून दुसऱ्या फटीत जायचे असेल तर मधल्या अरुंद गळ्यातून स्वतःला दाबून घ्यावे लागते आणि तिथल्या पाण्याला हटवावे लागते. गळा जितका अरुंद तितका विरोध जास्त. वालुकाश्मातील गळे मायक्रोमीटरांत मोजले जातात, तर शेलमधील नॅनोमीटरांत, म्हणजे हजारपटींनी बारीक. ज्या केशाकर्षणाने वातीत तेल चढते, तेच बल येथे उलट बाजूने पहारा देते, कारण ओले करण्याचा मान येथे पाण्याकडे आहे.

आता जोराचा हिशेब करू. तेलाची घनता पाण्यापेक्षा घनसेंटिमीटरमागे ०.२ ग्रॅमने कमी धरली, तर १० मीटर उंचीच्या सलग तेलस्तंभाच्या माथ्यावर वातावरणीय दाबाच्या साधारण एक-पंचमांश एवढाच जादा दाब येतो. एकट्या थेंबाची उंची मिलिमीटरभरही नसते, त्यामुळे तो वालुकाश्मातही अडून बसतो. थेंबाला थेंब जोडला जाऊन सलग लड तयार झाली, तिची उंची वाढली, की मगच ती पुढे सरकते; आणि सरकताना प्रत्येक फटीत थोडे तेल मागे ठेवत जाते. म्हणून वाट जितकी लांब आणि विखुरलेली, तितके हाती कमी. उगमाच्या खडकात तयार झालेल्या एकूण तेलापैकी अगदी थोडा वाटाच पुढे साठ्याच्या रूपाने सापडतो; उरलेले उगमातच राहते, वाटेत विखुरते किंवा भूपृष्ठावर येऊन संपते.

यावरूनच हेही समजेल की झाकणाचा खडक म्हणजे कायमचे कुलूप नव्हे. त्याखालील तेलाचा किंवा वायूचा स्तंभ पुरेसा उंच झाला की त्याचा जोर गळ्यांच्या विरोधावर मात करतो आणि झाकण पाझरू लागते. मीठ आणि अ‍ॅनहायड्राइट (पाण्याचा अंश नसलेले जिप्समसारखे खनिज) हे याबाबतीत शेलपेक्षा विश्वासू, कारण त्यांत फटी जवळजवळ नसतात आणि मिठाला पडलेली भेग ते स्वतःच हळूहळू बुजवते. सौदी अरेबियातील घावर या प्रचंड क्षेत्रावर अ‍ॅनहायड्राइटचेच झाकण आहे.

पूर्णाकाठ :

फारच उपयुक्त माहिती आहे. मात्र पारावर वाचताना एका काकांनी अडवले. ते म्हणाले, “धूर आढ्यापाशी पोहोचला, समजले. पण आढे जमिनीत बांधले कोणी?”

अंजनगावकर :

काकांना माझा नमस्कार सांगा. कवचाच्या हालचालींनी थरांना बाक येतो. कमानीसारखा वर उचललेल्या बाकाला अपनती म्हणतात. तेच आपले आढे. १८८५ मध्ये आय. सी. व्हाइट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने वायूच्या विहिरी आणि अपनती यांचा संबंध ठामपणे मांडला, आणि तेव्हापासून कित्येक वर्षे तेल शोधणे म्हणजे अपनती शोधणे असाच अर्थ घेतला गेला.

आढ्याऐवजी भिंतही चालते. थर तुटून एक बाजू वर-खाली सरकली, म्हणजे विभंग झाला, की तिरप्या वालुकाश्मासमोर अचानक शेल येऊन उभा राहतो आणि चढणारे तेल तिथे अडते. मात्र विभंगाचा स्वभाव दुटप्पी आहे. त्यात चिकणमाती माखली गेली तर तो भिंत होतो, आणि तो उघडा राहिला तर तीच तेलाची पळवाट होते. एकच विभंग एका काळात वाट आणि दुसऱ्या काळात भिंत झाल्याचीही उदाहरणे आहेत. कुठे मिठाचा घुमट वर घुसून थर उचलतो. कुठे काहीच वाकत-तुटत नाही, नदीची जुनी वाळू शेलमध्ये निमुळती होत संपते आणि तेल त्या टोकाशी कोंडले जाते. हे शेवटचे सापळे शोधणे सर्वांत अवघड, कारण वरून त्यांची कोणतीच खूण दिसत नाही.

सापळ्यात वायू वर, तेल मध्ये आणि पाणी खाली अशी प्रतवारी होते. भूजल वाहते असेल तर तेल आणि पाण्यामधली सीमा आडवी न राहता कलती असते, हे किंग हबर्ट या भूवैज्ञानिकाने १९५३ मध्ये दाखवून दिले. यापुढची गंमत मला स्वतःला सर्वांत आवडते, म्हणून थोडे थांबून सांगतो. एका तिरप्या थरावर, पाण्याखाली, एकापेक्षा एक उंच अशी चार घमेली उपडी ठेवली आहेत असे समजा, आणि सर्वांत खालच्या घमेल्याखाली तेल व वायू दोन्ही येऊन पोहोचत आहेत. घमेले भरले की कडेवरून काय सांडेल? आपल्या मनात येते की हलका वायू आधी पुढे जाईल. प्रत्यक्षात वायू घमेल्याच्या माथ्याशी जाऊन बसतो आणि खालच्या कडेशी असलेल्या तेलाला ढकलून बाहेर काढतो. ते तेल पुढच्या, वरच्या घमेल्यात जाते. शेवटी सर्वांत खोल सापळ्यात निव्वळ वायू, त्यावरच्यात वायू आणि तेल, त्याहून वरच्यात तेल आणि सर्वांत उंच सापळ्यात नुसते पाणी, अशी उलटी वाटणारी रचना तयार होते. विल्यम गसो या भूवैज्ञानिकाने १९५४ मध्ये हे मांडले.

वणीचा कोळसेवाला :

आमच्याकडे यातले काहीच लागू पडत नाही असे दिसते. वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यातला कोळसा गोंडवन काळातला, सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. कोळशात मिथेन असतो हे खाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवले जाते. मग त्या वायूला सापळा कोणता?

अंजनगावकर :

कोळशातील वायूला वेगळा सापळा लागत नाही. तो कोळशाच्या अंतर्भागातील असंख्य सूक्ष्म पृष्ठांना चिकटून राहतो आणि भोवतीच्या पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो. म्हणून झारखंडमधील झरिया आणि बंगालमधील राणीगंज येथे असा वायू काढताना आधी थरातील पाणी उपसावे लागते. दाब उतरला की वायू सुटतो. उगम, साठा आणि सापळा तिन्ही एकाच खडकात.

तेलाच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. गोंडवनचे थर नद्या, दलदली आणि तळ्यांचे, आणि त्यातील द्रव्य प्रामुख्याने झाडपाल्याचे. लाकडी द्रव्यापासून मुख्यतः वायू होतो. शेवाळापासून तेल होते. शिवाय आपला वर्धा खोऱ्यातील कोळसा कमी पक्व आहे, म्हणजे त्याला आचही बेताचीच लागली आहे.

मोर्शीचा बागायतदार :

तरीही मी सहजासहजी मान्य करणार नाही. गुजरातेत वडोदऱ्याजवळ पाद्रा येथे बेसाल्टमधून, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या पाषाणातून, तेल निघते असे मी वाचले आहे. तो बेसाल्ट आणि आपला बेसाल्ट एकाच दख्खन उद्रेकातला. तिथे आहे तर इथे का नाही?

अंजनगावकर :

पाद्र्याची माहिती बरोबर आहे, पण ते तेल बेसाल्टमध्ये तयार झालेले नाही. खंबायतच्या खोऱ्यात जुन्या बेसाल्टवर नंतरच्या काळातील गाळ साचला. त्या गाळातील शेल खोलगट भागात गाडला जाऊन तापला, तेल झाले, आणि ते कडेच्या उंच उभ्या राहिलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये शिरले. नव्या खडकातले तेल जुन्या खडकात गेले, हे ऐकायला विचित्र वाटते. पण तेल खडकाचे वय विचारत नाही, तेवढ्या खोलीवर वरची वाट कुठे आहे एवढेच पाहते.

मुंबई हायमध्येही तसेच आहे. ‘सागर सम्राट’ या समुद्रातील खोदाई रिगने १९७४ मध्ये किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर तिथे तेल शोधले. तळाच्या उंचवट्यात दख्खनचा बेसाल्टही आहे. त्यावर गाळ साचला, भोवतीच्या खोलगट भागांतील शेलमध्ये तेल शिजले आणि चढत चढत उंचवट्यावरच्या चुनखडकात येऊन, वरच्या शेलखाली अडले. म्हणजे तिथे बेसाल्ट हा तळ आहे आणि कामाचा सगळा गाळ त्याच्या वर आहे. आपल्याकडे बेसाल्टच्या वर काय आहे? पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी थेट काळी माती. पूर्णेच्या खोऱ्यात गाळ आहे आणि तो काही ठिकाणी ३०० मीटरहून अधिक जाड आहे, पण भूवैज्ञानिक हिशेबाने तो कालपरवाचा आणि थंड आहे.

बेसाल्टच्या खाली काय आहे, हा मात्र खरा प्रश्न आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तेव्हा खाली जुने गाळाचे थर काही भागांत होतेच. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर पश्चिमेकडे बेसाल्टखाली शिरतात ते वणीकर जाणतात. कच्छ, सौराष्ट्र आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात बेसाल्टखालच्या गाळाचा भूभौतिक अभ्यास झालेला आहे. अडचण अशी की खाली पाठवलेल्या कंपनलहरी बेसाल्टच्या एकावर एक बसलेल्या कठीण-मऊ थरांत विखुरतात आणि खालचे चित्र धूसर येते. म्हणून विद्युत-चुंबकीय पद्धतींची जोड द्यावी लागते. परंतु खाली गाळ असला म्हणजे तेल असेलच असे नाही. उगम, आच, वाट, साठा, झाकण, सापळा हे सगळे लागते, आणि योग्य क्रमाने लागते. तेल निघून गेल्यावर अपनती तयार झाली तर ती कोरडीच राहणार. पूर ओसरल्यावर नाल्याला बांध घालून पाणी अडत नाही.

शाळा क्र. ४ :

मग पूर्णाकाठ यांच्या बोअरमधील बुडबुडे कशाचे?

अंजनगावकर :

दोन शक्यता आहेत. खोदताना कॉम्प्रेसरने ढकललेली हवा वाळूच्या थरांत अडकते आणि काही दिवस सुटत राहते. हे सर्वांत साधे कारण. दुसरे म्हणजे पूर्णेच्या गाळात गाडलेला झाडपाला जिवाणूंनी कुजवून केलेला मिथेन. हा वायू तापून झालेला नसतो, त्यामुळे त्यात मिथेनखेरीज इथेन, प्रोपेन जवळजवळ नसतात आणि त्यातील कार्बनही हलका असतो, म्हणजे कार्बनच्या हलक्या समस्थानिकाचे प्रमाण त्यात जास्त असते. प्रयोगशाळेत दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात. बुडबुडे टिकून राहिले तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला कळवावे. तोवर बोअरवर बंदिस्त खोली बांधू नये आणि जवळच्या जुन्या विहिरीत कोणी उतरू नये, कारण अशा जागी प्राणवायू कमी असला तर वासावरून काहीही कळत नाही.

पूर्णाकाठ :

सर्वांचे आभार. आज सकाळी दहा-बारा जणांसमोर काडी फिरवली. तवंगाचे पापडासारखे तुकडे झाले आणि ते पुन्हा जुळले नाहीत. पंप सलग दोन दिवस चालवल्यावर बुडबुड्यांचा आवाजही बंद झाला आहे. तरी पाइपाचे तोंड जाळीने झाकून मोकळे ठेवले आहे. शेजाऱ्यांनी सौद्याची बोलणी पुन्हा सुरू केली, परंतु समोरच्या गृहस्थांनी आता एकरी भाव कमी सांगितला आहे, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार पाण्यात लोह निघाले.